प्रश्न सतरावा

कासेवाडीत, तिसऱ्या बोळात,
नेमकी नळाला पाणी यायच्या वेळेला पोचले मी,
गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र.
चंद्रभागाबाई म्हणाल्या, विचार.
हात मात्र चालू राहतील माझे.

नवऱ्याला लकवा मारून नऊ वर्षं.
प्रश्न सतरावा :
रुग्णाची काळजी दिवसातून किती तास घेता?
त्या हंडा सरकवत म्हणाल्या,
झोपेत एक कान उघडा असतो, तो धरायचा का?

पर्याय चारच होते.
मी पेन्सिल धरून बसले.

तेवढ्यात समोरची शमशाद आली,
न विचारता, चप्पल काढून थेट आत.
दोघींनी त्यांना कुशीवर वळवलं,
पाठीखालची चादरीची सुरकुती
तिनं तळव्यानं सपाट केली
आणि गेली, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

प्रश्न अठरावा, नातं.
ही कोण लागते तुमची?
"समोर राहते."

बस संचेतीच्या चौकात अडकली तेव्हा
फॉर्म पुन्हा उघडला.
'इतर'पुढे
दोन बोटं रुंद रेघ, बस.
पान उलटलं. कोऱ्या बाजूला
लिहायला घेतलं
सुरकुतीपासून.