कुठले काळे

फोनवर आवाज गोड होता.
भाऊ बोलत नाही म्हटलं, तर म्हणाला,
"आणा ना मंगळवारी. नाव?"
काळे.
"अरे वा. कुठले काळे?"
सांगलीत या प्रश्नाची दोन-तीन चांगली उत्तरं आहेत.
माझ्याकडे त्यांतलं एकही नव्हतं.
मी वस्तीचं नाव सांगितलं, मग पारधी म्हटलं,
आणि मंगळवार
आधीच भरलेला निघाला.

दुसरे डॉक्टर विश्रामबागेत. काचेच्या दाराशी
खाकीतला वॉचमन, म्हातारा बिचारा, तंबाखू मळत बसलेला.
आतिषनं तिसऱ्या पायरीवरून त्याला पाहिलं
आणि पळाला थेट स्टँडपर्यंत, एक चप्पल तिथंच.
पेशंट आणा, मग बोलू, डॉक्टर म्हणाले.
मी चप्पल पिशवीत घातली.
पाचशे रुपये भरलेलेच होते.

तिसऱ्या बाई चांगल्या होत्या. खरंच चांगल्या.
पाणी दिलं, मान हलवत ऐकलं,
आणि विचारलं, "पण त्या रात्री ते आले, ते
काहीतरी असल्याशिवाय का येतील?"
आईनं पदर खोचला,
मार्केट यार्डात हळद पाखडायला खोचते तसा,
आणि उठली.

घरी आल्यावर बोलली. हरिपूरच्या एका हमालाकडून ऐकलेलं:
पेव उघडलं की लगेच कोणी उतरत नसे.
तोंड मोकळं करून ठेवायचे, कधी कधी दिवसभर.
मग दोरीनं कंदील सोडायचे खाली.
कंदील विझला की माणूस थांबला.
"आत माल काय हाय ते समद्यांना पायजे.
आधी वारा जाऊ दे म्हणणारा एक दाखव."

मी मिरजेत एका लॅबसाठी रक्ताच्या नळ्या पोचवते.
या दवाखान्यांच्या गावात
हाडाचा, डोळ्याचा, मुतखड्याचा पत्ता झोपेत सांगेन.
हा एक पत्ता मिळायला सोळा महिने लागले,
तोही एका बाळंतिणीनं कानात सांगितला म्हणून.

शिकलगार मॅडम. पिठाच्या गिरणीवरची खोली.
आडनाव लिहून घेतलं, पुढं काही नाही.
विचारलं ते हे:
त्याला कुठला आवाज सोसत नाही? कुठला रंग?
आणि म्हणाल्या, चौकातून येऊ नका, तिथं पोलीस चौकी लागते.
सतारी करतात त्या गल्लीतून या. लांब पडेल.
लांबून आलो.

दार त्यांनी लावलं नाही. कडी दाखवली,
म्हणाल्या, आतून आहे, तुमच्याकडे.
आतिष दोनदा उठून कडी घालून, काढून आला.
मग भिंतीला पाठ टेकून बसला.
त्या रात्रीचं कोणी काही काढलं नाही.
आईला विचारलं, तुमच्या बोलीत
भ्यालेल्या लेकराला काय म्हणतात?

आई माझ्याकडे बघायला लागली.
मी शाळेत एकदा आमच्या बोलीत बोलले होते.
त्यानंतर कुणाचं काहीही हरवलं
की माझं दप्तर उघडायचे.
आईनं शब्द सांगितला. हळू.
मॅडमनी दोनदा म्हणून पाहिला, दोन्हीदा चुकल्या.
आतिषच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं.

तो शब्द इथं लिहीत नाही.
तुम्ही तो कसा म्हणाल, मला अजून माहीत नाही.

पाच खेपा झाल्या. बरा झाला म्हणू नका.
रात्री कुत्रं भुंकलं की तो अजून मागच्या कुडाकडे सरकतो.
मीही तेव्हा जागीच असते.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं,
माझी पाळी येईल असं वाटलंच नव्हतं.

काल बसलो असताना लाईट गेली.
खालचा पट्टा फटफटत थांबला.
एवढं शांत झालं की आई दचकली.
आतिष म्हणाला,
"गिरणी थांबली."

कोणी हललं नाही.
उन्हाच्या तिरिपेत पीठ सावकाश खाली बसत होतं.
येईल परत, आई म्हणाली,
आमच्या बोलीत, मोठ्यानं.