दोन बोटं पट्टी

लोटन महाजनचा टेप
चोपड्याच्या माझ्या दुकानात अकरा दिवस पडून होता.
ठिबकच्या नळ्या अंथरायला कंपनीनं त्याला
सेनेगलला धाडलं होतं, दोन वर्षं.
तिथून आणलं काय, तर हिवताप, एक फुलाफुलांचा सदरा
आणि कुणी अंगणात बसून भरून दिलेली ही कॅसेट.
"नीट कर भाऊ, यामा मनी तठली सांज शे,"
म्हणाला, आणि केळीच्या ट्रकमागे निघून गेला.

न्हाणीच्या जाळीत केस अडकावेत
तशी पट्टी चाकाला गुंडाळलेली.
सोडवली. दोन बोटं भाग पार चुरगळलेला,
तो ब्लेडनं कापला, टोकं चिकटवली,
शटर अर्धं ओढलं, बटण दाबलं.

आधी वाटलं पाणी.
मग कळलं, तारा आहेत.
खाली अंगठे एकच पाऊलवाट धरून चाललेत,
फिरून त्याच दगडाशी येतायत,
वर तर्जन्या मध्येच मूठभर दाणे फेकतात
आणि सूर कोंबड्यांसारखे धावत सुटतात.
दोनच हात? आवाज बारीक करून मोजत बसलो.
दोनच.

पण सुरांच्या कडेला घरघर.
हेड स्पिरिटनं पुसलं. स्पीकरचा कागद
बोटानं दाबून पाहिला. दुसरा जोडला.
तीस वर्षं मी या गावातल्या घरघरी काढतोय,
मिक्सरच्या, पंख्यांच्या, मशिदीच्या भोंग्याच्या,
भजनी मंडळाच्या ॲम्प्लिफायरच्या.
ही निघेना.

रात्री लोटन आला, ऐकलं, हसला.
म्हणाला, बिघाड नाही तो.
अर्धा भोपळा, परातीएवढा. त्यावर गाईचं कातडं.
एकवीस तारा. आणि घोडीवर पत्र्याचा तुकडा,
कडेनं बारीक बारीक कड्या. मुद्दाम बसवतात.
निव्वळ गोड आवाज त्यांना अर्धवट वाटतो.
नाव काय, तर कोरा.
कोरा? मला कागद आठवला.

मग बाजू बदलली.
एक म्हातारा. गाणं नव्हे, बोलणंही नव्हे.
एक शब्द कळत नव्हता,
पण चौथ्या ओळीला माझी मान आपसूक हलली:
आवाज चढतो, टेकतो, एक पायरी उतरतो,
पुन्हा तिथूनच चढतो.
हा नावं घेतोय.
बापाचं. त्याच्या बापाचं. त्याच्या.

माझे दादा भाट.
दिवाळी सरली की तापीकाठच्या गावांत
लाल फडक्यातली वही घेऊन जायचे,
ओट्यावर बसून कुणाच्याही चौदा पिढ्या
याच उतारानं म्हणायचे.
त्यांच्या गळ्यातही पत्रा होता.
डॉक्टर म्हणे, बिडीचा.
मी शिकलो नाही. मला सोल्डरचा वास आवडायचा.
"तिकडेही तसंच," लोटन सांगत होता,
"बाप वाजवतो म्हणून पोरगा वाजवतो.
नावं घ्यायला बोलावतात
आणि पाठ फिरली की नावं ठेवतात."

वहीचं एक पान वाळवीनं खाल्लेलं.
तिथे आले की दादा खोकायचे,
तांब्यातलं पाणी प्यायचे
आणि पुढल्या पिढीवर जायचे.
यजमानाला कधी कळलं नाही.
वही मी धरायचो. मला कळायचं.

टक्.

पट्टी सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर धावते.
दोन बोटं म्हणजे पाऊण सेकंद.
त्यात एक माणूस मावतो,
फार लांबड्या नावाचा नसेल तर.
आणि पट्टी कापली की दोन्ही बाजूंनी कापली जाते.
लोटन डोळे मिटून तिकडच्या अंगणात होता.
त्याला ऐकू आलं नाही.
मी खोकलो.

तो गेल्यावर सुपलीतला कचरा कागदावर ओतला:
वायरीची सालं, मोडके स्क्रू, शिशाचे थेंब.
सापडली. बल्बसमोर धरली,
अंगठ्यानं सरळ केली, उलटी करून पाहिली.
तपकिरी. गुळगुळीत.
कोरी.