तांबडा, पांढरा

हे बघ सुकन्या, चार डबे.
मलापण पहिल्या दिवशी चारच दिसलते.
ट्रेनिंगच्या साहेबानं विचारलं, रंग सांगा,
मागनं नबीसा म्हणाली, तांबडा, पांढरा!
सगळ्या बायका पोट धरून हसल्या.
साहेब नागपूरकडचा,
त्याला कळंना दवाखान्यात रस्सा कुठनं आला.

तांबड्यात नळ्या, सलाईनच्या बाटल्या, हातमोजे.
पांढऱ्या कडक डब्यात टोकाचं तेवढं.
निळ्यात काच.
पिवळ्याचं मागनं सांगतो.

सुई आधी डोळ्यानं उचलायची.
टोपण परत बसवायचं न्हाई,
मोठ्या डॉक्टरनं बसवलं तरी आपण न्हाई.
पिशवी लेकरागत छातीशी धरायची न्हाई,
भुश्श्याच्या पोत्यागत दाबायची न्हाई.

मी दाबलती.
गुरुवार. बाळंतिणींच्या वार्डात पाय ठेवायला जागा न्हवती.
काळी पिशवी, खरकट्याची,
केळाच्या साली, चहाचे कप,
त्यात कुणीतरी कापसात गुंडाळून टाकलेली.
मुंगी चावल्यागत झालं, एवढंच.
हातमोज्याच्या आत एक थेंब
बाहेर यायचा राहिलेला.

नळाखाली हात धरला. साबण.
नबीसा वरडली, पिळू नको, तोंडात घालू नको,
चल सिस्टरकडं, आत्ताच्या आत्ता.
आणि मला लाज वाटाय लागलेली,
दुसऱ्याच्या घरात पातेलं उघडताना सापडल्यागत.
रजिस्टर लिहिताना सिस्टर म्हणाल्या, कुणाची सुई?
सुईवर नाव असतंय व्हय?

अठ्ठावीस दिवस गोळ्या.
फोडणी टाकली की मळमळ.
घरात सांगितलं, पित्त.
डॉक्टरबाईंनी चारदा समजावलतं,
एका ताटात जेवल्यानं काय होत न्हाई.
कळलतं मला. तरी पेला वेगळा ठेवला.
नातीला कडेवर घेताना ते बोट दुमडून घेतलं.
मालक म्हणाले, बोटाला काय झालंय?
म्हटलं, विळी.

सहा महिन्यांनी शेवटचा कागद आला. काय न्हाई.
त्या दिवशी बस सोडून चालत गेलो
आणि खासबागेजवळ भेळ खाल्ली,
उभ्यानं, एकटीनं,
चमचा बाजूला ठिवून त्याच बोटानं.

सुई कुणाची, टाकली कुणी, अजून ठाऊक न्हाई.
सुरवातीला सगळ्यांच्या हातांकडं बघायचो.
पुढं सोडलं.
टाकणारा वाईट नसंल.
घाई असंल, कुणीतरी हाक मारली असंल.
तेच तर सांगालोय तुला.

पुराच्या साली तळघरात पाणी शिरलं,
तवा आधी पिवळ्या पिशव्या वर नेल्या, जिन्यावर साखळी करून,
मग ऑफिसचे कागद, मग आमच्या चपला.
कुणी म्हणालं, नदीच नेईल की सगळं.
नेईल. कुठं?
खाली शिरोळला माझं माहेर.
भावाच्या म्हशी त्याच पाण्यात बसत्यात.

हां, पिवळी.
रक्तानं माखलेलं सगळं. कापूस, पट्ट्या, कापून काढलेलं.
आणि वार.
कागलकडची एक म्हातारी आलती गेल्या महिन्यात,
लेकीचं पहिलं बाळंतपण.
म्हणाली, बाई, वार द्या, परसात पुरतो,
आमच्यात उघड्यावर टाकत न्हाईत.
म्हटलं, आमच्यातबी न्हाई.
तिला खाली नेलं. कुलूप दाखवलं,
पिशवीवरचा नंबर, तारीख,
सकाळी गाडी येती, वजन होतंय, मग भट्टी.
जाळ लागतो न्हवं? तिनं विचारलं.
लागतो.
कनवटीची पुडी सोडून तिनं चिमूटभर हळद
कुलपाला लावली
आणि जिना चढाय लागली, गुडघा धरून.

वरनं हुकूम आहे, दार रोज पुसायचं.
दार पुसतो.

चल, हातमोजे घाल.
ते न्हवं. जाड.