टवका उडालेला वाडगा

मला कोथिंबीर आवडत नाही.
कुताईसीत राहून हे म्हणणं म्हणजे
नदीकाठी घर घेऊन ओल आली म्हणून कुरकुरणं.
इथं राजम्यात कोथिंबीर, वांग्यात कोथिंबीर,
आंबट आलुबुखाराच्या चटणीत तर हवीच,
आणि पाहुण्यापुढं ठेवायला काही नसलं
की नुसती जुडी, मिठाच्या बशीशेजारी.
मला तिच्यात चिरडलेल्या ढेकणाचा वास येतो.
आई म्हणाली होती, सासरी हे बोलू नकोस.
नाही बोलले.

सासूबाईंचं नाव नाझीब्रोला, म्हणजे नाजूक स्फटिक.
मनगटं मात्र खलबत्त्याची.
पहिल्याच आठवड्यात त्यांनी राजमा वाढला,
ओतारला निळा वाडगा, सासऱ्यांना मोठा,
आणि मला काठाचा टवका उडालेला.
मी पानं एकेक करून
मक्याच्या भाकरीखाली सरकवली
आणि भाकरीचा तो तुकडा मांजराला दिला.
मांजरानं माझ्याकडं पाहिलं.

पुढंही तोच वाडगा.
पाहुणे असोत, सण असो, मालखाझ पोटात असो,
माझ्या वाट्याला टवका.
ओठ कापू नये म्हणून मी तो फिरवून धरायला शिकले
आणि मनातल्या मनात हिशेब ठेवायला:
सुनेची किंमत एवढीच, फुटकी.

बाकी घरात माझंही थोडं चालायचं.
सगळे उठायच्या आधीची कॉफी माझी,
उभ्यानं, खिडकीशी, तळाशी किंचित करपलेली.
रात्री पातेल्यातला गार राजमा, बोटांनी.
विझलेल्या काड्या परत पेटीतच ठेवायच्या,
एका शेगडीवरून दुसरी पेटवायला,
ही सवय त्यांची. मी उचलली कधी, कळलं नाही.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात वीज गेली ती गेलीच.
पावाच्या रांगेतून रिकामी पिशवी घेऊन यायची मी,
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत, पत्र्याच्या डब्यात
कोथिंबीर, बेशरम, हिरवीगार.
रॉकेलच्या दिव्यात सगळ्यांचे वाडगे एकसारखे काळे.
तरी माझ्या हाताला टवका लागायचाच.

परवा भांडी घासताना तो सटकला.
टवक्यापासून तळापर्यंत तडा गेला.
खरं सांगते, मला बरं वाटलं.
तुकडे कागदात गुंडाळत होते तेवढ्यात
सासूबाई काठी टेकत आल्या, वय शहाऐंशी,
आणि ओरडल्या, "अगं, आता तुझा कोणता ते मला कसं कळायचं?"
"माझा म्हणजे?"
"बिनकोथिंबिरीचा."

नळ चालू होता.
त्या सांगत होत्या ते तुकड्यातुकड्यानं आलं:
भाकरीचा तुकडा मांजरानंही खाल्ला नव्हता,
दाराआड सापडला, आत पानं.
तेव्हापासून आधी माझं वाढून घ्यायच्या,
मग पातेल्यात जुडी.
डोळ्यांनी धड दिसेना झालं तेव्हाही
बोटानं काठ चाचपून.

बत्तीस वर्षं मी न आलेल्या पानांवर रागावले होते.
त्या वाडग्यात कधी कोथिंबीर नसायची
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
नावडतं नसलं की कोण बघतं.

"मग बोलला का नाहीत?"
"तू बोललीस?"

मग मी नळ बंद केला आणि विचारलं,
जे कधीच विचारलं नव्हतं:
तुम्हाला काय आवडत नाही?
त्या खलबत्त्यापाशी बसल्या होत्या,
मांडीवर सोललेल्या अक्रोडांची परात,
वाळल्या झेंडूची पिवळी पूड बोटांवर.
आमच्याकडं अक्रोडाशिवाय पान हलत नाही.
साठ वर्षं तरी त्यांनी ते कुटले असतील.

"अक्रोड," म्हणाल्या. "घसा खवखवतो."
आणि पुढची मूठ उखळात टाकली.