शुक्रवारचं पत्रक

बॉयलर पुन्हा बंद. सोमवारी मुलांना दोन स्वेटर घालून पाठवा.
सूपच्या पातेल्यात पडलेला लॉरीचा दात सापडला,
ऑफिसात आहे, पाकिटात.
निळा हातमोजा, डावा, अजूनही कुणाचाच नाही.

शेटलंडच्या या टोकाला
दर शुक्रवारी मी हे टाइप करते.
शाळेचा पट सात, प्रती साठ.
ज्यांची मुलं केव्हाच बेट सोडून गेली
तेही मागून नेतात.
गिब्बी तर खेकड्यांच्या पिंजऱ्यावर बसून
जेवणाचा तक्ता मोठ्यानं वाचतो:
मंगळवार, मासा. बुधवार, मासा.

मागच्या खेपेला एक ओळ लिहिली नि खोडली.
जूनमध्ये इंगा मोठ्या शाळेत जाईल,
मग पट सहा, आणि सहा म्हणजे
सगळ्यांना ठाऊक आहे काय ते.
छापून कशाला?

काल वारा पडला, बोट लागली.
गाद्या उतरल्या, एक सायकल,
सॅमनच्या कंपनीतला नवा लिथुआनियन मेकॅनिक,
ओकून पांढरीफटक पडलेली त्याची बायको
आणि तिच्या कोटाचा खिसा न सोडणारी
रूगिले, वय सहा.

आठव्या खुंटीला दोन वर्षं
स्वयंपाकघरातल्या ऑस्लाचा ॲप्रन असतो.
आज बघते तर तो टेबलावर, घडी घातलेला,
आणि खुंटीखाली चिकटपट्टीवर
कुणीतरी नाव लिहिलंय, एक अक्षर उलटं.

ते तसंच राहू दिलं.
पत्रकात मात्र जागा नव्हती,
बुधवारचा मासा काढला.
गिब्बी विचारणारच.