चौदा एप्रिलची चौकट

खेतवाडीच्या छापखान्यात
रोज रात्री माझ्या वाट्याला यायची दिनविशेषची चौकट.
दोन इंच रुंद, चार इंच उंच :
घटना, जन्म, मृत्यू.
त्या तारखेला काय घडलं ते टिपणीसांच्या वहीत,
चौकटीत काय मावलं ते माझ्या हातात.

चौदा एप्रिल तसा दाटीचा दिवस.
जन्मांत पहिली ओळ ठरलेली, ठळक टाइपात,
तिला कुणी कात्री लावत नसे;
निळे झेंडे बांधणाऱ्या पोरांची शिडी
आमच्याच खिडकीला टेकलेली असायची.
मग अमेरिकेच्या अध्यक्षाला नाटकगृहात लागलेली गोळी.
मग ती भलीमोठी बोट, हिमनग.
अध्यक्ष गेले पंधराला, बोटही बुडाली पंधराला,
म्हणजे उद्या पुन्हा हेच दोघं.
थोरामोठ्यांचं मरण दोन दोन दिवस जागा अडवतं.
उरलेल्या दीड ओळीत मुंबई :
‘१९४४ : गोदीत स्फोट. शेकडो ठार.’

एकाहत्तर साली, बारा तारखेच्या दुपारी
एक गृहस्थ जिना चढून आले.
टोपी हातात, चपला दाराबाहेर.
डोंगरीचे परकार. गाव बाणकोटच्या खाडीत कुठेतरी.
म्हणाले, जाहिरात नाही,
एक नाव घालायचंय.

“बाप गोदीत क्रेनवर.
त्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून
परत कामाला निघाला,
मला म्हणाला, आईला कळा लागल्यात, दाईला घेऊन ये.
मी नऊ वर्षांचा.
चार वाजून सहा मिनिटांनी
फळीवरची सगळी भांडी एकदम खाली आली.
लोक ओरडले, जपानी आले!
आभाळातून जळता कापूस पडत होता.
कुणाच्या छपरातून सोन्याची वीट पडली म्हणे.
आमच्याकडे खैरून आली.
दुसरा धमाका झाला तेव्हा ती आधीच रडत होती.
बाप आला नाही.
बिल्लासुद्धा आला नाही.”

“तेव्हापासून ह्या तारखेला
आई सकाळी फातेहा देते,
संध्याकाळी खैरूनसाठी शेवया करायला बसते,
आणि दूध तापलं की स्टो बंद करते.
सत्तावीस वर्षं. शेवया कधी झाल्याच नाहीत.
पेपरात आलं, की आज हिचा जन्म,
तर ती मानेल.
तिला वाचता येत नाही,
पण छापलेलं ती मानते.”

मी टिपणीसांना विचारलं नाही.
तेराच्या रात्री बोटीची ओळ घट्ट केली,
हिमनगाचा काना जरा दाबून बसवला,
आणि जन्मांच्या तळाशी, सगळ्यांत बारीक टाइपात :
‘१९४४ : खैरून परकार, डोंगरी.’

एकाही वाचकाचं पत्र आलं नाही.
टिपणीस म्हणाले, ही कोण, गायिका का?
मी म्हटलं, हो.

पंधराला परकार आले. ॲल्युमिनियमच्या डब्यात शेवया.
डबा खिळ्यांच्या पेटीवर ठेवला,
घडी केलेला अंक उलगडला,
‘मृत्यू’खालून बोट फिरवलं, दोनदा.
“बापाला जागा नव्हती?”
मी म्हटलं, आहेत ना. वर, घटनांमध्ये.
ह्या ‘शेकडो’त.

ते त्या शब्दाकडे बघत राहिले,
जत्रेत हात सुटलेल्या माणसाला शोधावं तसे.
मग म्हणाले, डबा तेवढा रिकामा करून द्या.

शेवया गोड होत्या, थोड्या लागलेल्या.

त्या रात्री चौदाची चौकट सोडवली,
खिळे आपापल्या खणात टाकत गेलो.
अध्यक्ष, बोट, खैरून.
‘शेकडो’ तेवढा हातात राहिला,
थंड शिसं, उलटी अक्षरं.
फोरमननं हाक मारली, बँकेची जाहिरात अडलीय.
वरची मात्रा काढली
आणि पुढं जुळवत गेलो :
दर शेकडा साडेपाच.