निळी पेन्सिल

धुळ्याच्या संग्रहालयात, वरच्या मजल्यावर,
जिथं परवापर्यंत गंजलेल्या कट्यारी होत्या,
तिथं आता तू आहेस, तोताराम,
एकोणसाठ चौकटींत.
पुढं लाल दोरी. दोरीच्या अलीकडं आम्ही.

पत्रिकेवर छापलंय : 'रेषेचा तपस्वी'.
तपस्वी!
गल्ली नंबर चारात, माझ्या ब्लॉकच्या दुकानात
बनियनवर बसून शेंगा फोडायचास,
टरफलं ॲसिडच्या ट्रेत टाकायचास
आणि वर म्हणायचास, बघू, जस्त आधी जळतं का शेंग.

कुणी हसत नाही इथं.
हात मागं बांधून, मान तिरकी करून फिरतात,
दहाव्याला आल्यासारखे.
नाशिकहून आलेली एक हुशार मुलगी समजावून सांगते :
उजवीकडची ही मोकळी जागा पाहा,
इथं कलावंतानं अवकाशाला बोलू दिलंय.
ती जागा दंतमंजनाच्या जाहिरातीची, बाई.
जाहिरात आली नाही त्या आठवड्यात.
मी बोललो नाही. तीही चुकीची नसेल.

चौकटीखाली पट्टी : शाई, कागद, ३८ बाय ५१ सेंमी.
एवढं मोठं काढायचास.
'कळणा'च्या पानावर ते तीन इंच व्हायचं.
लहान करणारा मी.
साऱ्या खानदेशानं तुला तीन इंचांत पाहिलं,
या मापाचा तू
फक्त माझ्या टेबलावर होतास.

दगाजीआबांचा नातू आलाय, पांढरे बूट घालून.
कोरड्या पांझरेत होडी,
होडीखालून चार मजुरांचे पाय,
वर आबा, गळ्यात हार, जलविहार करताना.
अंक निघाला त्या दिवशी आबा काठी घेऊन प्रेसमध्ये आले होते :
"मन्हं नाक इतलं मोठं शे का?"
तू टेबलाखाली. मी म्हणालो, नाही आबा,
ब्लॉक करताना माझ्याकडून वाढलं.
नातू त्या नाकाशेजारी उभा राहून फोटो काढतो.
तेच नाक आहे, कमीजास्त नाही.
विचारतो, विकत मिळेल का? हॉलमध्ये लावायचंय.

कॅमेऱ्याला निळी पेन्सिल दिसत नाही.
काळं तेवढं फिल्मवर उतरतं.
हे तुला मीच सांगितलं, सत्त्याहत्तर साली,
आणि तू समासात लिहायला लागलास.
भो, दोन कॉलम, घाई आहे.
भो, वैजू तापली रात्रभर, माझा हात हललाय, डोळा सांभाळून घे.
भो, संपादक पुढच्या सोमवारवर गेला. पन्नास आहेत का?
आणि त्या होडीच्या चित्राखाली :
भो, हा माणूस मला आवडतो खरं तर.
ओठ फार जाळू नकोस.

नाही जाळले. बघ, छापलेला अंक असेल कुणाकडं तर.

आता चारी बाजूंनी जाड पांढरा पुठ्ठा.
त्यानं म्हणे चित्राला श्वास मिळतो.
समास सगळे त्याच्या खाली गेले,
वैजूचा ताप, पन्नास रुपये,
आबांवरची तुझी माया, सगळं
दुसऱ्यांदा अदृश्य.

एक्केचाळिसाव्या चौकटीत मात्र पुठ्ठा तिरका कापलाय.
डाव्या कोपऱ्यात, नखाएवढ्या फटीत, निळं काही.
मी दोरीवरून वाकलो.
'भो'. त्यापुढं स्वल्पविराम.
मग पुठ्ठा.

मुलीला विचारलं, हे काय आहे?
म्हणाली, कच्चं काम असेल, काका. पुसायचं राहून गेलं.

चित्रात एक तलाठी आहे, झाडाच्या सावलीची मोजणी करतोय.
चित्र आठवतं. मीच जाळलं, पावणेदोन मिनिटं, पहिल्या ॲसिडात.
त्याखाली काय लिहिलं होतंस
ते आठवत नाही.
घाई होती, की पैसे, की पोरीचं काही,
की नुसतंच, भो, चहाला ये.
ॲसिडनं खाल्लेलं माझं बोट
काचेवर त्या दोन अक्षरांशी ठेवून मी उभा.

"बाबा, दोरीच्या मागं," रखवालदार म्हणाला,
"काचेवर डाग पडतात."